सीटखालचं हँडल

राइट टाउन, जबलपूर
६ ऑक्टोबर २०२४

ती. शांतारामकाकांना वीणाचा नमस्कार,

पत्र पाहून दचकू नका, सगळे ठीक आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि काकूंचा मोबाईल भजनी मंडळाच्या ताब्यात असतो, म्हणून पोस्टाला शरण आले आहे. शिवाय काम असं आहे की कागदाशिवाय भागणार नाही.

आमच्या शेजारचे मेजरसाहेब बदली होऊन आसामला गेले. जाताना त्यांची सायकल आमच्या व्हरांड्यात ठेवून गेले. साधी नाही, टेकून बसायची. आरामखुर्चीला दोन चाकं लावावीत तशी. पाठ टेकलेली, पाय पुढे, पायडल पार नाकासमोर. तुमचा जावई अंबरीश तिला 'शेषशायी' म्हणतो. साधी सायकल मला आता जमत नाही, तळव्यावर भार आला की डावा हात भरून येतो. हिच्यात सगळा भार पाठीवर, म्हणून मी खूश होते. पण हिचं हँडल छातीसमोर येतं, म्हशीच्या शिंगांसारखं. दहा मिनिटं हात वर धरले की डावा खांदा बोंबलतो. खांदा आखडलाय, बाकी काही नाही.

इंटरनेटवर पाहिलं, अशा सायकलींना काही लोक सीटच्या खाली हँडल बसवतात. हात दोन्ही बाजूंना खाली, मांडीशेजारी, खुर्चीत बसून गप्पा मारताना असतात तसे. हे घरी करता येईल का? बाबा असते तर आधी "गरज काय?" म्हणाले असते आणि मग तुम्हालाच बोलावलं असतं. मी मधली पायरी गाळतेय.

गरज मात्र सांगते. मला एकटीनं तिलवाऱ्याला जायचंय. घरून पुलापर्यंत, जरा वेळ नर्मदा बघायची आणि परत. गेलं वर्षभर मी एकटी कुठेच गेले नाही. भाजीला निघाले तरी अंबरीश स्कूटर काढतो. अनुष्का सोळा वर्षांची झाली, ती रस्ता ओलांडताना माझा हात धरते आणि "मम्मा, सम्हाल के" म्हणते. आखडलेल्या खांद्यासाठी इतकं? असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरची माणसं प्रेमळ आहेत, काय करणार. आता अंबरीशनं अट घातली आहे. संक्रांतीपर्यंत सायकल नीट चालवून दाखवली तर एकटी जा, नाही तर ती कुणाला तरी देऊन टाकायची आणि विषय बंद.

सांगा, होईल?

तुमची
वीणा


मनीषनगर, नागपूर
१५ ऑक्टोबर २०२४

चि. वीणास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं, त्यातलं एकदा चष्म्याशिवाय. दिवाकरची पोर सायकल कापून राहिली आणि आधी मला विचारून राहिली, म्हणजे अक्कल बापापेक्षा बरी निघाली.

होईल. काहून नाही होणार? तीस वर्षं मी आणि तुझा बाप फॅक्टरीत ट्रकची स्टिअरिंगं बसवत होतो. पाच टनांचा ट्रक वळते, तर तू काय चीज आहेस.

ऐक. हँडल सीटखाली गेलं की ते पुढच्या चाकापासून दूर पडते. म्हणून मध्ये दांडी लागते. लहान पोरांच्या मोडक्या सायकलची मान कापून आण, आतल्या वाट्या आणि छऱ्यांसकट. ती सीटखाली मधल्या पाइपाला वेल्ड कर. त्या मानेत हँडल फिरेल. हँडलला एक पट्टी, चाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्याला एक पट्टी, आणि दोघींना जोडणारी दांडी. हँडल फिरलं, दांडी सरकली, चाक वळलं. संपलं. दांडीच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट लाव, ऑटो-पार्टवाल्याकडे भेटतात. ब्रेकच्या केबली स्कूटरच्या घे, सायकलच्या पुरणार नाहीत.

सोबत दोन कागद आहेत. पहिल्यावर पुढच्या चिमट्याची पट्टी, दुसऱ्यावर सीटखालची मान आणि तिची पट्टी. दोन्ही एकास एक. कागद लोखंडावर ठेवायचा, टोच्यानं खूण करायची, कापायचं. टेप लावत बसायचं नाही. मोबाईलवर चित्र लहानमोठं होते, माझा कागद होत नाही. माझ्या कागदावरून आजवर एकही नग वाया गेला नाही, हे तुझ्या बापानं चारचौघांत कबूल केलं होतं.

हँडलची रुंदी तुझ्या बसण्याच्या रुंदीवरून ठरव. ते माप मी विचारत नाही.

खांद्याला मोहाचं तेल कोमट करून चांगलं दाबून चोळ.

शांतारामकाका

वीणा, तेल अजिबात चोळू नकोस, आधी डॉक्टरांना विचार. यांना सगळीकडे ग्रीसच दिसतं. — सुहासिनीकाकू


जबलपूर
३ नोव्हेंबर २०२४

ती. काकांना नमस्कार,

झालं! दिवाळीचा फराळ राहिला अर्धा, पण हँडल सीटखाली गेलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गौतम भैया खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. तुमचे कागद नेले तर म्हणाले, "दीदी, चित्र पर लोहा रखके काटने वाली आप पहली ग्राहक हो." मान कापायला अनुष्काची पहिलीतली गुलाबी सायकल दिली. ती दहा वर्षं माळ्यावर पडून होती, पण करवत लागताच अनुष्का म्हणाली, "मेरा बचपन काट दिया." मग स्वतःच करवत घेऊन उरलेली मान तिनं कापली.

मी तुमच्या कागदाबाहेर एक सूत गेले नाही. गौतम भैयांनी मध्येच पट्टीबद्दल एक शंका काढली होती, ती मी जागच्या जागी मोडून काढली. "काकाजी का नक्शा है," म्हटलं. त्यावर त्यांनी वेल्डिंगचा चष्मा लावला.

बसून पाहिलं. हात खाली, खांदा शांत. काका, वर्षभरात पहिल्यांदा मी बसलेली असताना खांद्याची आठवण झाली नाही.

आता चालवायला शिकायचं. पहिल्या दिवशी तीन फूट गेले.

वीणा

काकू, तेल चोळलं नाही. तुम्हाला कसं सुचलं?


जबलपूर
८ डिसेंबर २०२४

ती. काकांना नमस्कार,

महिनाभर पत्र नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. होतं ते सगळं गुडघ्यांवर होतं. पण आता बसा, सांगते. येते! मला येते!

पाच आठवडे लागले. कॉलेजात तास घेऊन आले की कॉलनीच्या मैदानात रोज एक तास. सीटखालचं हँडल म्हणजे वेगळीच दुनिया आहे हो. डावीकडे वळायचं तर उजवा हात मागे ओढायचा, उजवीकडे वळायचं तर डावा. पहिले पंधरा दिवस डोकं सांगायचं एक आणि सायकल करायची दुसरं. मी मैदानात उभी राहून हवेत हात ओढायचे, तेव्हा लोकांना वाटायचं मी नवीन योगासन करतेय. मग एक दिवस अचानक हातांना कळलं. डोक्याला अजून कळलेलं नाही, पण त्याला आता कोण विचारतं?

गंमत पुढेच आहे. अंबरीश म्हणाला, "दे, बघू." बसला, दीड फूट गेला आणि मधुमालतीच्या वेलात शिरला. गौतम भैया आले, "हमने ही तो बनाई है" म्हणत बसले, तेही वेलात. अनुष्काच्या चार मैत्रिणीही तिथेच गेल्या. आता त्या वेलात वेल कमी आणि भोक जास्त आहे. काका, ही सायकल अख्ख्या जबलपुरात फक्त मला येते.

दांडी थोडी तिरपी जाते, टायरला घासू नये म्हणून गौतम भैयांनी तिला हलकासा बाक दिलाय. तुमच्या कागदात तो बाक नव्हता, एवढीच काय ती माझी आगाऊ सुधारणा.

वीणा


नागपूर
१४ डिसेंबर २०२४

चि. वीणास आशीर्वाद.

पत्र पावलं. आनंद झाला.

एक बारीक सुधारणा सुचून राहिली. सीटखालची पट्टी मानेच्या ज्या बाजूला आहे, तिथून काढून दुसऱ्या बाजूला लावावी. तिरपी दांडी डोळ्याला बरी दिसत नाही. शिवाय थंडीत तिरप्या दांडीला गंज लवकर धरते. नवीन गाड्यांत सरळच दांडी असते. गौतमला अर्ध्या तासाचं काम आहे. ते होईपर्यंत सायकल मैदानाबाहेर नेऊ नको.

विशेष काही नाही. उगाच आपली सुधारणा.

शांतारामकाका

वीणा, हे पाच ओळींचं पत्र लिहायला यांनी चार कागद फाडले. विचारलं तर म्हणतात, पेन खराब आहे. दोन दिवस जेवण नीट नाही. तिकडे काय झालंय? — काकू


जबलपूर
२१ डिसेंबर २०२४

ती. काकांना नमस्कार,

थंडीत तिरप्या दांडीला गंज लवकर धरतो, हे मी आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

काका, राग मानू नका, पण मी पट्टी हलवणार नाही. कारण सांगितलं तर हसाल. या वर्षात घरात प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त येत होतं. मी डबा उघडायला घेतला की कोणीतरी येऊन उघडून देतं. पिशवी उचलली की हातातून जाते. मी "राहू दे, मी करते" म्हणेपर्यंत काम झालेलं असतं. आणि आता ही एक वस्तू आहे जी त्यांना येत नाही. अंबरीश माझ्या बाजूनं धावत विचारतो, "कसं करतेस गं?" काका, त्याला ते खरंच माहीत नसतं!

तुम्ही ती सरळ कराल तर चालवायला सोपी होईल, म्हणून मला भीती वाटते.

पाच जानेवारीच्या रविवारी तिलवाऱ्याला निघायचं म्हणतेय.

वीणा


नागपूर
२६ डिसेंबर २०२४

वीणा,

गंजाचं खोटं होतं. काकूनं पकडलं, आता तुला सांगतो.

तुझी सायकल उलटी वळून राहिली. सीटखालचं हँडल काही वेगळी दुनिया नसते. डावीकडे जायचं तर डावाच हात मागे ओढायचा असते, जगात सगळीकडे. तुझी पट्टी चुकीच्या बाजूला वेल्ड झाली, म्हणून दांडी तिरपी गेली आणि सगळं उलटं झालं. चूक गौतमची नाही, तुझी नाही. माझी.

आयुष्यभर मी ट्रकच्या पोटाखाली खड्ड्यात झोपून काम केलं. चिमट्याची पट्टी मी वरून काढली, कारण ती वरून दिसते. सीटखालची मान मी खालून काढली, कारण माझ्या डोळ्यांनी अशी वस्तू कधी वरून पाहिलीच नाही. 'खालून' हे कागदावर लिहायचं विसरलो. फॅक्टरीत लिहावं लागत नव्हतं, तिथं सगळेच खाली झोपलेले असायचे. एकही नग वाया गेला नाही म्हणून मिरवत होतो. एक गेला, तोही दिवाकरच्या पोरीचा.

तू ती उलटी शिकलीस हे वाचून मला हसावं का रडावं कळत नव्हतं. पण पोरी, हे हातांनी पाच आठवड्यांत शिकलेलं आहे आणि जुनं चाळीस वर्षांचं आहे. मोठ्या रस्त्यावर ट्रक अंगावर आला तर हात जुनंच करतात. मी लोकांचे हात पाहिले आहेत. तिलवाऱ्याच्या रस्त्यावर ही सायकल नेऊ नको. मी हात जोडतो.

शांताराम

वीणा, मी अंबरीशला फोन करणार होते. नंबरही लावला आणि ठेवला. त्याला कळलं तर सायकल जाईल, आणि तुझं म्हणणं ऐकून न घेता जाईल. म्हणून आधी तुला.

आणखी एक. माझ्या धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी तेल चोळू नको म्हणून सांगितलं होतं. तिचाही डावा हात भरून यायचा. तीही सगळ्यांना खांदा आखडलाय म्हणायची. फोन केला तर तू हसशील आणि मला काही कळणार नाही. लिहावंसं वाटलं तर लिही, नाही तर राहू दे. — काकू


जबलपूर
५ जानेवारी २०२५

ती. काका आणि काकूंना नमस्कार,

आज रविवार आहे आणि मी तिलवाऱ्याला गेले नाही. व्हरांड्यात बसून हे लिहितेय.

पुढचा परिच्छेद काकूंसाठी आहे. काका, तुम्ही तोवर चहा घेऊन या.

काकू, २०२३च्या ऑगस्टमध्ये माझ्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, मग बाकीचं. आता तपासण्या ठीक आहेत, खरंच ठीक. तुम्हा दोघांना सांगितलं नाही, कारण ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांचा आवाज त्या दिवसापासून बदलला. जगात निदान एक घर असं हवं होतं जिथून मला 'अक्कल बापापेक्षा बरी' असलं काही ऐकू येईल.

काका, चहा झाला असेल तर या. मलाही एक कबुली द्यायची आहे. तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी, गल्लीच्या वळणावर एक वासरू मध्ये आलं. मी डावीकडे काढायला गेले आणि डावा हात मागे ओढला. सायकल उजवीकडे गेली, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात. वासरू तिथेच उभं राहून बघत होतं. लागलं नाही. घरी सांगितलं की वाळू बघायला बसले होते. अंबरीशनं विश्वास ठेवला, म्हणजे बघा माझ्याबद्दल त्याची काय कल्पना आहे.

वाळूऐवजी ट्रक असता तर, हे मला तुमच्या पत्राआधीच कळलं होतं. पण मी पट्टी काढत नव्हते. अजून काढलेली नाही. ज्या गोष्टीसाठी सगळे माझ्याकडे बघत होते ती एक चूक होती, हे पचायला वेळ लागतोय.

तुमच्यावर राग नाही. उलट त्या चुकीनं मला पाच आठवडे सुट्टी दिली, तेवढा वेळ मी फक्त सायकल शिकणारी बाई होते.

वीणा


नागपूर
१० जानेवारी २०२५

चि. वीणास आशीर्वाद.

मी चहा घ्यायला गेलो नाही. सगळं वाचलं.

मला यातलं काही बोलता येत नाही. जे येते ते लिहितो. पट्टी फिरवली तर जुने नट परत वापरू नको, नवे घे, आत नायलॉन असलेले, ते थरथरीनं सुटत नाहीत. बॉल जॉइंटला हातानं हलवून पाहा, खडखड आली तर बदल. वेल्ड झालं की गौतमला म्हणावं, घाईनं पाणी टाकू नको, आपोआप गार होऊ दे. हवं असलं तर मी बसनं येतो. येऊ नको म्हणालीस तर नाही येत.

आणि तुझी अक्कल बापापेक्षा बरी आहे, हे मी आधी लिहिलं ते खरं नाही. सारखीच आहे. तोही कोणाला काही सांगत नव्हता.

शांतारामकाका

या पत्रालाही चार कागद लागले. या वेळी पेन चांगलं होतं. — काकू


जबलपूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. काका आणि काकूंना नमस्कार,

येऊ नका म्हणत नाही, पण दुरुस्तीसाठी येऊ नका, जेवायला या. दुरुस्ती झाली.

मीच केली. गौतम भैयांनी सायकल व्हरांड्यात दोन स्टुलांवर चढवून दिली आणि मी चटई टाकून तिच्या पोटाखाली शिरले. तुमचा दुसरा कागद डोळ्यांसमोर धरला, खालून. काका, सगळं जागच्या जागी बसलं! मान, पट्टी, भोकं, सगळं. डावं ते डाव्या बाजूला, उजवं ते उजव्या. कागद चुकलाच नव्हता. मी उभी राहून वाचला होता, एवढंच. तेव्हा तुमचा एकही नग अजून वाया गेलेला नाही. बाबांनी चारचौघांत म्हटलेलं तसंच राहू द्या.

मी खालून एकेक खूण मोठ्यानं सांगत होते, गौतम भैया खडूनं मारत होते, वेल्ड मग त्यांनी त्या खुणांवर केलं. बाहेर आले तर अनुष्का मोबाईल घेऊन उभी. म्हणाली, "मम्मा, पता है, तू हात किती वेळ वर धरून होतीस? ग्यारह मिनट." आमच्या फिजिओथेरपीवाल्या दीदी पाच मिनिटांसाठी मला विनवण्या करतात. मला कळलंही नव्हतं. कळल्यावर मात्र खांदा लगेच दुखायला लागला.

संक्रांत येऊन गेली. अंबरीशला मी सगळं सांगितलं, उलटी दांडी, वाळू, वासरू. तो उठून मधुमालतीतलं भोक बघून आला. मग म्हणाला, "म्हणजे मी पडलो ती माझी चूक नव्हती?" दोन महिने त्याला तेच लागलं होतं. मग अट स्वतःच पुढे ढकलली आणि सरळ झालेली सायकल घेऊन दुधाला गेला, तो तासाभरानं आला. आता ती कोणालाही येते. मला मात्र सगळ्यांत शेवटी आली. सगळे भुर्रकन जात होते आणि मी परत मधुमालतीत. उलटं शिकलेलं विसरायला दोन आठवडे लागले. अनुष्का मला शिकवत होती. "मम्मा, जिधर जाना है वही हाथ खींच, इतना आसान है." मी परत सीटवर बसले. सोपं असतं तेही हातांना आपल्या वेळेनंच कळतं.

काल रविवारी सकाळी निघाले. अंबरीशनं स्कूटरची किल्ली हातात घेतली, बघितली आणि खुंटीला लावली. मेडिकल कॉलेजवरून पुढे उतार लागला, तशी मी नुसती पाठ टेकून गेले, हात मांडीशेजारी, पाय पुढे. ट्रकवाले काच खाली करून बघत होते. एकानं विचारलं, "आंटी, तबीयत तो ठीक है?" मी म्हटलं, "एकदम." पुलावर थांबले. नर्मदेत पाणी कमी होतं, एक माणूस नावेतून शिंगाड्यांसारखं काहीतरी उतरवत होता, काय ते नीट दिसलं नाही. पाच मिनिटं बघितलं. काही मोठं वाटलं नाही. खरं सांगू, भूक लागली होती.

परत येताना चढावर दोनदा उतरले. एका ट्रॅक्टरला डावीकडे सरकून जागा दिली आणि डावाच हात मागे गेला, न सांगता.

येताना वाटलं होतं, फाटकात दोघं उभे असतील. अंबरीश घड्याळ बघत, अनुष्का मोबाईलवर माझा ठिपका शोधत. मी चेहराही तसा तयार ठेवला होता. फाटकात कोणीच नव्हतं. आत दोघं क्रिकेट बघत लोळलेले. मी दारात दोन मिनिटं उभी राहिले. मला इतका राग आला, काका!

अनुष्कानं मान न वळवता विचारलं, "मम्मा, खाने में क्या है?"

दीड वर्षात हे मला कोणी विचारलं नव्हतं. पिठलं टाकलं, झणझणीत.

तुमची
वीणा